वकिलाची फी : भाव कधी करावा आणि कधी करू नये

उधारी अडकली, चेक परत आला किंवा गाळ्याच्या भाड्याचा वाद निर्माण झाला की व्यापाऱ्याला वकिलाची पायरी चढावी लागते. ती पायरी उतरताना आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांच्या तोंडी एकच वाक्य असते : "एक कागद लिहिला आणि तीन हजार घेतले!"

हेच वाक्य थोडेसे फिरवून आपल्याच दुकानात रोज ऐकू येते. गिऱ्हाईक शिंप्याला म्हणते, "एक शिवण तर मारायची, तिचे शंभर रुपये कसले?" मेकॅनिकला म्हणते, "एक स्क्रू फिरवलास आणि पाचशे मागतोस?" तेव्हा आपल्याला राग येतो. कोणता स्क्रू फिरवायचा हे कळण्यासाठी उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढली, हे गिऱ्हाइकाला कसे समजावे, असे वाटते. मात्र तोच कारागीर वकिलासमोर बसला की म्हणतो, "वकीलसाहेब, घरचेच आहोत, काही तरी कमी करा."

सर्वच वकिलांची फी रास्त असते, असे आमचे म्हणणे नाही. पुढे त्यांच्याकडील दोषांचाही विचार केला आहे. परंतु अशा तक्रारींचा नीट विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. फी जास्त आहे म्हणून होणारी भांडणे थोडी. ती आधी ठरलेली नाही म्हणून होणारी भांडणे फार.

एका कागदाची किंमत

परत आलेल्या चेकचे उदाहरण घेऊ. समजा, मालेगावच्या एका यंत्रमागधारकाने कापड विकले आणि त्यापोटी मिळालेला १,८०,००० रुपयांचा चेक खात्यात पैसे नसल्याने परत आला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला झालेला उशीर योग्य कारण असल्यास कोर्ट माफ करू शकते. नोटिशीला झालेला उशीर माफ होत नाही.

आता हा यंत्रमागधारक वकिलाशी तीन हजारांवरून दोन आठवडे घासाघीस करत बसला आणि शेवटी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून पाचशे रुपयांत नोटीस लिहून घेतली. ती गेली चौतिसाव्या दिवशी. चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली असेल, तर तो पुन्हा बँकेत भरता येत नाही. म्हणजे अडीच हजार वाचवण्याच्या नादात फौजदारी फिर्यादीचा रस्ताच बंद झाला. उरला तो दिवाणी दावा. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण त्याला लागणारा वेळ आणि पैसा कितीतरी अधिक.

नोटिशीतील रकमेचेही तसेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चेक १ कोटी रुपयांचा होता आणि नोटिशीत २ कोटी लिहिले गेले होते. टंकलेखनाची चूक झाली, हा खुलासा न्यायालयाने मान्य केला नाही. नोटिशीत चेकचीच रक्कम हवी. ती चुकली तर नोटीस निरुपयोगी, असा निर्णय झाला. तेव्हा कागद एकच असतो हे खरे. पण त्या कागदातली तारीख, रक्कम आणि शब्द बरोबर असण्याचे पैसे आपण देतो.

सगळे पैसे वकिलाचे नसतात

दुसरा गैरसमज हिशेबाचा आहे. "वकिलाला चाळीस हजार घातले," असे आपण म्हणतो तेव्हा त्यात अनेक रकमा मिसळलेल्या असतात. कोर्ट फी सरकारजमा होते. दिवाणी दाव्यात ती दाव्याच्या रकमेवर ठरते, आणि महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ पासून ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली आहे. त्याखेरीज वकीलपत्रावरचा स्टॅम्प, समन्सचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकला, प्रवास हे सर्व असते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या कामासाठी दिलेल्या वकिलाच्या फीवर १८ टक्के जीएसटी 'रिव्हर्स चार्ज'ने स्वतः भरावा लागतो. नियमांत बसत असल्यास त्याचे क्रेडिट मिळते, पण पैसे आधी खिशातून जातात.

फी आणि खर्च यांची सरमिसळ झाली की संशय वाढतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार अशिलाच्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवला पाहिजे, आलेली रक्कम फीपोटी आहे की खर्चापोटी याची नोंद केली पाहिजे आणि अशिलाने मागितल्यास हिशेबाची प्रत दिली पाहिजे. आपण दुकानात पै-पैची वही ठेवतो. इथे मात्र खिशातून नोटा काढून मुंशीच्या हातावर ठेवतो आणि पावती मागायला संकोचतो.

दादा अब्दुल्लांचा खटला

फी आणि खटला यांचे गणित समजून घ्यायचे असेल तर आपल्याच व्यापारी समाजातले एक जुने प्रकरण पाहावे. पोरबंदरचे मेमन व्यापारी दादा अब्दुल्ला यांची दक्षिण आफ्रिकेत मोठी पेढी होती. त्यांचा तय्यब हाजी खान मुहम्मद या व्यापाऱ्याशी सुमारे ४०,००० पौंडांचा दावा चालू होता. दोघे एकाच गावचे आणि नात्यातले. या कामात मोठ्या वकिलांना मदत करण्यासाठी पेढीने १८९३ साली एका तरुण बॅरिस्टरला बोलावले. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

त्यांचा करार लक्षात घेण्यासारखा आहे. मुदत एका वर्षाहून अधिक नाही, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च पेढीचा आणि मेहनताना १०५ पौंड. काम काय, किती दिवस, पैसे किती आणि खर्च कोणाचा, हे सर्व जहाजावर पाय ठेवण्यापूर्वीच ठरले होते. त्यात घासाघिशीला जागाच उरली नाही.

दाव्यातील मुख्य वकिलांची फी मात्र वाढत चालली होती. गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे की कायदा आणि पुरावा दादा अब्दुल्लांच्या बाजूने होता, तरी खटला असाच चालला तर दोन्ही बाजू खर्चाने बुडतील, असे त्यांना दिसले. जिंकणाऱ्याला हरणाऱ्याकडून जो खर्च मिळतो तो ठरलेल्या प्रमाणातच मिळतो, प्रत्यक्ष झालेला खर्च त्याहून बराच जास्त असतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दोघांना लवादासाठी राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. तय्यब शेठना सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च द्यायचा होता. एकरकमी दिले असते तर त्यांचे दिवाळे निघाले असते. गांधीजींच्या आग्रहावरून दादा अब्दुल्लांनी लांब मुदतीचे हप्ते मान्य केले. एकाचे पैसे मिळाले, दुसऱ्याची अब्रू वाचली.

जिंकणाऱ्याचाही पूर्ण खर्च भरून निघत नाही, ही गोष्ट आपल्याकडेही आजवर बदललेली नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न फीचा विचारू नये. "हा दावा लढण्यासारखा आहे का, आणि समेट झाला तर कितीवर व्हावा?" हा पहिला प्रश्न. याचे सरळ उत्तर देणारा वकील दोन पैसे जास्त घेत असला तरी तो स्वस्तच पडतो.

याच ठिकाणी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. देणे खरे आहे हे ठाऊक असताना केवळ तारखा पाडण्यासाठी वकील लावणारेही आपल्यात आहेत. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. घेणेकऱ्याला न देता तेच पैसे तारखांवर उधळणाऱ्याने वकिलाच्या फीबद्दल तक्रार करू नये.

शरीयत काय सांगते?

भाव करणे शरीयतमध्ये मना नाही. खरेदीविक्रीत दोन्ही पक्षांनी बोलून किंमत ठरवावी, हे फिकहला मान्य आहे. वकील आणि अशील यांचा व्यवहार मात्र मोबदला घेऊन सेवा देण्याचा, म्हणजे इजाराचा आहे. इजाराची महत्त्वाची अट अशी की काम आणि उजरत दोन्ही 'मालूम', म्हणजे आधी माहीत असली पाहिजेत. "आधी काम करा, मग बघू," हा प्रकार त्यामुळेच झगड्याचे मूळ मानला गेला.

उजरत ठरली नसेल किंवा करार सदोष असेल आणि काम मात्र झाले असेल, तर काय करावे? अशा वेळी 'उजरत-ए-मिस्ल', म्हणजे तशा कामाला चालू असलेला रास्त मोबदला द्यावा लागतो. काम करणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवता येत नाही.

आपल्या विणकर बांधवांच्या ओळखीचे एक उदाहरण हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात आले आहे. एखाद्याने विणकराला सूत दिले आणि तयार होणाऱ्या कापडाचा अर्धा भाग मजुरी म्हणून ठरवला, तर तो करार सदोष मानला आहे. विणकराला उजरत-ए-मिस्ल मिळेल. बल्खच्या उलमांनी आपल्याकडील रिवाज पाहून अशा व्यवहाराला मुभा दिली होती. पण मूळ नियमाचा रोख स्पष्ट आहे : ज्याच्या हातून जी वस्तू तयार होणार, त्याच वस्तूतला वाटा त्याची मजुरी म्हणून ठरवू नये.

एकदा उजरत ठरली आणि काम झाले की मग घासाघीस संपली. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला तोंडपाठ आहे. कामगाराकडून पुरे काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असे बुखारीच्या हदीसमध्ये आले आहे. काळा कोट घातला म्हणून वकील या नियमातून वगळला जात नाही. निकाल लागल्यावर "आता राहू द्या की साहेब" म्हणून ठरलेले पाच हजार बुडवणे आणि मापात मारणे यांत फरक तो काय?

कायदा काय म्हणतो?

वकिलाने किती फी घ्यावी याची कमाल मर्यादा कायद्याने ठरवलेली नाही. बार कौन्सिलच्या नियमात फी ही वकिलाच्या व्यवसायातील स्थानाला आणि प्रकरणाच्या स्वरूपाला साजेशी असावी, एवढेच म्हटले आहे. फी आपसात ठरवता येते, आणि ती बुडवली तर वकील दावा लावू शकतो, हे १९२६ च्या कायद्याने मान्य केले. त्याच कायद्याने वकिलाच्या हलगर्जीपणाची जबाबदारीही त्याच्यावर टाकली.

मात्र तीन गोष्टींपासून अशिलाला संरक्षण आहे.

पहिली, टक्केवारी. "मिळतील त्यात वीस टक्के माझे," असा करार वकिलाला करता येत नाही. मोटार अपघाताच्या भरपाईतील टक्केवारीपोटी वकिलाने घेतलेल्या चेकचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ती मागणी बेकायदा ठरवून अशिलाविरुद्धची चेकची फिर्याद रद्द केली. कित्येक अशील "जिंकलो तर देतो" असे स्वतःहून सुचवतात आणि त्याला हुशारी समजतात. तसा करार त्यांनीही सुचवू नये. विणकराच्या अर्ध्या कापडाचा फिकही नियम आणि बार कौन्सिलचा हा नियम, दोन्हींत मेहनतान्याला फळातल्या वाट्याशी बांधण्यास मनाई आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरी, कागदपत्रे. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. थकलेल्या फीसाठी त्याने स्वतंत्र मार्ग अवलंबावा.

तिसरी, तक्रार. मे २०२४ च्या निर्णयानुसार वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक मंचात दाद मागता येत नाही. परंतु गैरवर्तणुकीची तक्रार अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ प्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. हलगर्जीपणामुळे नुकसान झाल्यास दिवाणी कोर्टाचा मार्गही खुला आहे.

वकिलांनीही ऐकावे

टाळी एका हाताने वाजत नाही. पहिल्या भेटीत "होऊन जाईल" म्हणायचे आणि साक्षीपुराव्याच्या आदल्या दिवशी नवा आकडा सांगायचा, ही पद्धत बरी नव्हे. पावती न देणे, तारखेला स्वतः न येता फी मात्र घेणे, अशील आणणाऱ्या दलालाला हिस्सा देणे, हे प्रकार चालतात. दलालाचा हिस्सा शेवटी अशिलाच्याच खिशातून जातो. वर उल्लेख केलेले तरुण गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिले काम घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनी दलाली द्यायला साफ नकार दिला होता. उलटतपासणीला उभे राहिल्यावर शब्दच सुचेनात, तेव्हा ते काम त्यांनी सोडले आणि घेतलेली ३० रुपये फी परत केली. न झालेल्या कामाची फी आपली नाही, एवढे त्या नवख्या वकिलाला कळत होते.

फी ठरवताना लक्षात ठेवावे

१. दोन-तीन वकिलांना भेटून, प्रकरण सांगून, मगच निवड करावी. घासाघीस करायची ती याच वेळी. मात्र चेक किंवा मुदतीचे काम असेल तर पहिल्याच आठवड्यात हे उरकावे.

२. फी कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे हे विचारावे. दावा दाखल करणे, कैफियत, साक्षीपुरावा, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल, हे सर्व तीत आले का? निकालानंतर वसुलीची दरखास्त आणि अपील ही साधारणपणे वेगळी कामे असतात. "निकाल लागला, आता पुन्हा कसली फी?" हा वाद इथेच जन्मतो.

३. फी एकूण आहे की प्रत्येक तारखेची, हे स्पष्ट करावे. तारखा किती पडतील हे कोणाच्याच हातात नसते. त्यामुळे साध्या वसुलीच्या कामात टप्प्याटप्प्याने द्यायची एकूण फी अशिलाला सोयीची पडते.

४. खर्चाचे पैसे वेगळे द्यावेत, वेगळे लिहावेत. शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत.

५. ठरलेले सर्व एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. वाटल्यास मोबाइलवर संदेश पाठवून होकार घ्यावा. सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिण्याने विश्वास कमी होतो, असे मानणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

६. काही लपवू नये. समोरच्याकडून रोखीने काही रक्कम मिळाली असेल तर वकिलाला आधीच सांगावे. अर्धी हकिगत सांगून पुरी फी वसूल होत नाही.

ज्यांना फी परवडतच नाही

हातावर पोट असलेल्या कारागिराने फीच्या भीतीने हक्क सोडू नये. लीगल सर्व्हिसेस अथॉरिटीज अ‍ॅक्ट, १९८७ हा कायदा नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता, आणि इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत, सरकारी खर्चाने वकील मिळतो. महाराष्ट्रात ही मर्यादा वार्षिक ३ लाख रुपये आहे. तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. चालू दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तिच्या निवाड्यावर अपील नसते. माल तयार करणाऱ्या लहान उद्योजकाने उद्यम नोंदणी केलेली असेल, तर थकलेल्या बिलासाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करण्याचा मार्गही आहे.

सारांश, वकिलाशी भाव करण्यात कमीपणा नाही. तो पहिल्या दिवशी, वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी करावा. त्या दिवशी लाजून गप्प बसणारा आणि निकालाच्या दिवशी हात आखडणारा, हे बहुधा एकच गृहस्थ असतात. आपल्या कारागिरीची मजुरी गिऱ्हाइकाने जशी द्यावी असे आपल्याला वाटते, तशीच आपणही दुसऱ्याची द्यावी. अल्लाह आपणा सर्वांना ठरवण्यात स्पष्टपणा आणि देण्यात सचोटी राखण्याची तौफीक देवो. आमीन.